‘ए ग्रेड’ जॅस्परची गोणी घ्यावी का?

प्रश्न: नमस्कार ताई. मी छत्रपती संभाजीनगरला राहतो, वाळूजला कंपनीत नोकरी करतो. सहा व्हीलचं कॅबिंग मशीन (दागिन्यांचे गोलसर खडे, म्हणजे कॅब, घासून बनवायचं) आणि सहा इंची ब्लेडचा छोटा सॉ (दगड कापायची करवत) घेतलाय, गच्चीवर शेड टाकून सुट्टीच्या दिवशी दगड घासतो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून दहा किलो ‘ए ग्रेड मिक्स जॅस्पर’ (खड्यांसाठीचा रंगीत दगड) मागवला, ३०० रुपये किलो, कुरियरचे ७०० वेगळे. फोटोत नुसता चमकत होता, हातात आला तेव्हा मातकट. कापताना निम्मा माल ब्लेडवरच फुटला, काही तुकड्यांना कितीही घासलं तरी पॉलिश येत नाही, संत्र्याच्या सालीसारखं, ऑरेंज पील म्हणतात तसं दिसतं. एक पिवळा-काळा पट्ट्यांचा ‘बंबलबी जॅस्पर’ आहे, तो एकदम मऊ निघाला आणि घासताना वास येतो. आता तोच माणूस ५० किलो ओशन जॅस्परची गोणी सवलतीत देतो म्हणतोय, पण ॲडव्हान्स आजच हवाय त्याला. घेऊ का? रफ (न घासलेला कच्चा दगड) बघून चांगला-वाईट ओळखायचा कसा? पॉलिश येत नाही ही माझी चूक की दगडाची? आणि दहा इंची सॉ घ्यावा का?

उत्तर: दादा, ॲडव्हान्स पाठवू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू पण हे आधी. गोणी अगदी अस्सल ओशन जॅस्परची निघाली तरी आत्ता ती तुमच्या कामाची नाही, कारण सहा इंची ब्लेडला मधले फ्लँज (ब्लेड धरून ठेवणाऱ्या चकत्या) वजा जाता पावणेदोन इंचांच्या आसपास खोली मिळते आणि गोणीतले दगड त्याहून खूप मोठे असतात, ते सॉवर बसणारच नाहीत. मग हातोडीने फोडावे लागतील, म्हणजे ज्या पॅटर्नसाठी पैसे मोजले तो पॅटर्नच फोडायचा. शिवाय ज्याने दहा किलोत निम्मा तडकलेला माल दिला त्याच्याकडून पाचपट माल घ्यायचा तर आधी त्याने काहीतरी दाखवायला हवं. काय दाखवायला हवं ते खाली येतंच.

दुसरी तातडीची गोष्ट म्हणजे तो बंबलबी. तो घासणं आजपासून बंद. नावात जॅस्पर असलं तरी तो जॅस्पर नाहीच, इंडोनेशियात पश्चिम जावामध्ये पापंडायन ज्वालामुखीच्या परिसरात मिळतो, मुळात तो बराचसा कॅल्साइट आहे आणि त्यातला भडक पिवळा-केशरी रंग आर्सेनिकच्या सल्फाइडमुळे येतो. तुम्हाला आलेला वास बहुतेक त्यातल्या गंधकाचाच. मऊ का लागला तर कॅल्साइटची कठीणता मोहस् स्केलवर ३ आणि जॅस्परची साडेसहा ते सात, एवढा फरक आहे. त्या दगडाचा गाळ शेडमध्ये कुठे पडला असेल तर सुकला असला तरी आधी पाणी शिंपडून ओला करा, हातमोजे आणि मास्क घालून फडक्याने टिपून घ्या, फडक्यासकट जाड पिशवीत बांधा आणि घातक कचरा म्हणून सांगूनच द्या. कुंड्यांत ओतायचं नाही, मोरीत सोडायचं नाही. मशीनचा ट्रे आणि व्हीलच्या कडाही ओल्या फडक्याने नीट पुसून काढा. घरात लहान मुलं असतील तर तो तुकडा त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. मास्क, हवा खेचणारा पंखा, सतत पाणी असं सगळं सांभाळून हा दगड घासणारे लोक आहेत, पण नवीन माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ग्रेडचं. सोन्याला हॉलमार्क असतो, हिऱ्याला सर्टिफिकेट मिळतं, रफ जॅस्परला असलं काहीही नसतं, ‘ए’, ‘ट्रिपल ए’ हे विकणारा स्वतःच ठरवतो. त्याच्या दृष्टीने ए ग्रेड म्हणजे कदाचित रंग चांगला, तुमच्या दृष्टीने ए ग्रेड म्हणजे न फुटता कापला जाणारा, आणि ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नावांचंही तसंच. मेक्सिकोतला पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियन जॅस्पर हा फेल्डस्पार-क्वार्ट्झचा अग्निज खडक आहे, लेपर्ड स्किन बहुतेक वेळा ऱ्हायोलाइट हा ज्वालामुखीचा खडक असतो, पिकासो जॅस्पर तर अमेरिकेतल्या युटाचा चक्क संगमरवर आहे. घेऊ नका असं मी म्हणत नाही, डाल्मेशियन मला स्वतःला आवडतो, पण प्रत्येकाचं घासणं आणि पॉलिश वेगळं असतं, आणि तुमच्या मिक्स लॉटमध्ये असे तीन-चार प्रकार एकत्र आले असतील तर एकाच पद्धतीने सगळे चमकणार नाहीत हे धरूनच चाला.

खरा जॅस्पर म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा क्वार्ट्झ, ज्यात लोहाची ऑक्साइडं, चिकणमाती वगैरे भरपूर मिसळलेलं असतं, वीस टक्क्यांपर्यंतसुद्धा. ह्या भेसळीमुळेच त्याला लाल, पिवळा, हिरवा रंग येतो आणि म्हणूनच तो अकीकासारखा उजेड आरपार जाऊ देत नाही. दादा, रफ पारखायचा तर हीच गोष्ट डोक्यात पक्की हवी, की रंग ज्याच्यामुळे येतो त्याच्याचमुळे पॉलिशही बिघडतं. भेसळ सिलिकामध्ये पूर्ण मुरलेली, घट्ट बांधलेली असेल तर दगड एकसंध झिजतो आणि आरशासारखा होतो. कुठे मातीचे पुंजके मोकळे राहिले असतील तर तिथे दगड लवकर झिजतो, आजूबाजूचा उभा राहतो, आणि पृष्ठभागावर खळगे येतात, त्याला अंडरकटिंग म्हणतात. तुमच्या काही तुकड्यांचं हेच झालं असणार.

ते तुकडे आहेत तुमच्याकडे, म्हणून आत्ताच करून बघा. ताजी फुटलेली बाजू उन्हात धरा. चांगल्या जॅस्परची फूट गुळगुळीत, शिंपल्यासारखी वळणदार आणि थोडी मेणचट दिसते, कडा बोट कापेल इतक्या धारदार असतात, जपून. साखरेसारखी दाणेदार किंवा विटेसारखी खरखरीत फूट असेल तर त्याला उत्तम पॉलिश येणं अवघड. मग त्याच जागी पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब तसाच बसून राहिला तर दगड घट्ट आहे, बघता बघता आत जिरला तर सच्छिद्र आहे, आणि सच्छिद्र जागा चमकत नाही, सिरियम ऑक्साइडची पॉलिश पावडर कितीही लावा. नंतर स्टीलच्या सुरीचं टोक दाबून ओढा. जॅस्परवर सुरीचीच करडी रेघ उमटते आणि बोटाने पुसली जाते, दगडावर खोल ओरखडा पडला तर तो जॅस्पर नाही. ओरखड्यातल्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकून बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट किंवा संगमरवर समजा.

तुमची चूक की दगडाची, ह्याचा निकाल लावायलाही एक सोपा उपाय आहे. गुजरातमधल्या खंबायतचा साधा लाल किंवा करडा अकीक, चांगला म्हणून खात्री असलेला, एक तुकडा आणा आणि त्याच मशीनवर, त्याच क्रमाने, तेवढाच वेळ घासा. तो चमकला तर तुमचा हात आणि व्हील दोन्ही ठीक आहेत, दोष दगडाचा. तोही मळकट राहिला तर मात्र सुरुवात ८० आणि २२० च्या खरखरीत व्हीलपासून तपासायची, कारण बहुतेकांचे खोल ओरखडे तिथेच राहून जातात आणि पुढे ३००० च्या बारीक व्हीलवर ते दिसायला लागतात, मग आपल्याला वाटतं पॉलिश येत नाही. प्रत्येक व्हीलनंतर दगड पुसून पूर्ण कोरडा करून तिरप्या उजेडात बघायचा, ओल्या दगडावर ओरखडे लपतात.

तडे! तुमचा निम्मा माल ज्याच्यामुळे गेला ते. ह्यावर मी थोडं जास्त बोलणार आहे कारण रंग आवडला नाही तरी दगड वापरता येतो, तडकलेला नाही येत.

विक्रेते फोटो ओल्या दगडाचा काढतात, त्यात फसवणूकच असते असं नाही, पॉलिश झाल्यावर रंग कसा दिसेल हे ओल्यातच कळतं. पण ओला दगड तडे झाकतो. म्हणून दोन्ही फोटो मागायचे, ओला आणि कोरडा, एकाच बाजूचा. आणि माल हातात आल्यावर आधी भांड्यांच्या साबणाने ब्रश मारून धुवायचा, कारण काही जण चमक यावी म्हणून तेल चोळतात, टिश्यू पेपर दाबून बघा, तेलकट डाग पडला की समजा. धुतल्यावर बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने पुसा आणि सावलीत ठेवून फक्त बघत बसा. पृष्ठभाग फिका व्हायला लागतो, सगळीकडून पाणी उडत जातं, आणि जिथे तडा आहे तिथे आत शिरलेलं पाणी मागे राहतं, केसाएवढी बारीक काळपट रेघ. दगड पूर्ण वाळतो तरी ती रेघ आणखी काही मिनिटं टिकते. तेवढ्या वेळात पेन्सिलीने त्या सगळ्या रेघा गिरवून घ्यायच्या. मी रफ निवडायला बसते तेव्हा सगळ्यात जास्त वेळ ह्यातच जातो आणि कितीही घाई असली तरी हे सोडत नाही, कारण ह्या पेन्सिलीच्या रेघा म्हणजेच दगड कुठे कापायचा त्याचा नकाशा असतो. रेघ ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार जात असेल तर तो दगड एक नसून दोन आहेत असं धरा. कडेला अर्ध्या इंचात संपत असेल तर तेवढा भाग सोडून बाकीचा खुशाल वापरा.

सगळ्या रेघा वाईट नसतात बरं का. जॅस्पर जमिनीत असतानाच फुटतो आणि त्या फटीत नंतर सिलिका भरून पुन्हा सांधला जातो, ब्रेसिएटेड जॅस्परचं सौंदर्य तेच. कापलेल्या बाजूवरून नख फिरवा. नख अडकलं तर फट उघडी आहे, सरळ घसरून गेलं आणि रेघ पांढरट किंवा थोडी पारदर्शक दिसली तर ती भरलेली आहे आणि बहुतेक टिकते. कानाचाही उपयोग होतो. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच, दगड तळहातावर सैल धरून ॲलन-कीने हलकेच टकटक करा, धडधाकट दगड खणखणीत वाजतो, आतून तडकलेला बद्द वाजतो. लहान तुकड्यांवर हे नीट कळत नाही, मुठीएवढ्याला कळतं.

तडे कुठून येतात ते माहीत असलं तर माल कुठून आला हे विचारायचं का ते कळेल. खाणीत किंवा रस्त्याच्या कामात सुरुंग लावून काढलेल्या दगडात धक्क्याने बारीक तडे जातात, वरून दिसत नाहीत आणि ब्लेडचं कंपन बसलं की उघडतात. नदीतला गोटा त्या मानाने भरवशाचा, जे फुटायचं ते वाहत येताना आधीच फुटून गेलेलं असतं. पण नदीच्या गोट्याच्या पाठीवर चंद्रकोरीच्या आकाराचे बारीक वण असतात, आपटून आपटून झालेले, ते दिसतात त्यापेक्षा खोल जातात, त्यामुळे वरची साल पुरेशी उतरवूनच कॅबचा वरचा भाग ठरवायचा.

आणि तुम्ही तर दख्खनच्या बेसॉल्टवरच बसलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातल्या पोकळ्यांमध्ये आणि फटींमध्ये सिलिका साचून आपल्याकडे कॅल्सेडोनी, अकीक, जॅस्पर तयार झालाय आणि गोदावरी, प्रवरा, भीमा ह्या नद्यांच्या गोट्यांमध्ये त्याचे तुकडे सापडतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून ऑनिक्स दगड गाड्यांतून भडोचला जात होता अशी नोंद आहे, म्हणजे तुमच्या भागातला दगडाचा व्यापार दोन हजार वर्षं जुना! पात्रात फिरताना मूठभर गोटे उचलून पारखायला शिका, फुकटची शाळा आहे ती. फक्त गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरून काहीही उचलू नका. तिथे जॅस्पर-कॅल्सेडोनीची पाती, मणी, छिलके पडलेले असतात, ते रफ नाही, ते माणसांनी घडवलेलं आहे. इनामगाव-नेवाशासारख्या जागांवर असल्याच वस्तूंवरून तिथली जुनी वस्ती समजली. तो तुकडा जागेवरून हलला की त्याचा अर्थ गेला. आणि पोत्याने दगड गोळा करायचा विचार असेल तर ते गौण खनिजात येऊ शकतं, तहसीलला विचारल्याशिवाय नाही.

ओशन जॅस्परकडे येते. मादागास्करच्या वायव्य किनाऱ्यावरचा हा दगड २००० च्या आसपास जगभर प्रसिद्ध झाला, गोल गोल डोळ्यांच्या नक्षीसाठी, आणि खरंच फार सुंदर आहे. पण तो फसवाही आहे कारण त्यात पोकळ्या असतात, आत स्फटिकांचं अस्तर असलेल्या. पोकळी कॅबच्या मधोमध नीट आली तर दागिना खुलतो, कडेला आली तर कड तुटते. गोणीत किती दगड भरीव आणि किती पोकळ हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून असा माल एक बाजू कापून आतलं दाखवलेलाच घ्यायचा, किंवा सरळ स्लॅब, म्हणजे कापलेल्या सपाट चकत्या, घ्यायचे. न कापलेले बंद गोटे स्वस्त मिळतात ते ह्याचसाठी, आतलं काय निघेल त्याचा धोका घेणाऱ्याच्या गळ्यात.

पॅटर्नबद्दल एक गोष्ट नवीन लोकांना कुणी सांगतच नाही. गोल डोळे असलेला दगड कुठूनही कापला तरी डोळे मिळतात. पट्ट्यांचा किंवा निसर्गदृश्यासारखा पिक्चर जॅस्पर मात्र थरांना आडवा कापला तरच डोंगर, क्षितिज वगैरे दिसतं, थरांना समांतर कापला की नुसता तपकिरी डाग येतो, आणि मग माणूस म्हणतो दगड खराब. नळ्यांसारखी नक्षी असेल तर उलटी गंमत, आडवं कापलं तर ठिपके, उभं कापलं तर धागे. त्यामुळे रफ घेताना थर कुठल्या दिशेने जातात आणि त्या दिशेने तुमच्या सॉवर तो बसेल का, हे दोन्ही एकदम बघायचं.

लाल जॅस्पर घेताना वजनाकडे लक्ष द्या. क्वार्ट्झची घनता साधारण २.६, हेमॅटाइट ह्या लोहखनिजाची ५ च्या वर. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला, लाल आणि पोलादी करडे पट्टे दिसले, तर तो बँडेड हेमॅटाइट जॅस्पर आहे, कर्नाटकातलं संडूर, छत्तीसगडचं बैलाडिला अशा लोहखनिजाच्या भागात भरपूर असतो. दिसायला दणकट, पण दोन्ही पट्टे वेगवेगळ्या वेगाने झिजतात, शिकणाऱ्याला दमवतो, आणि किलोवर घेताना तुम्ही लोखंडाचेही पैसे देता. निळा, गुलाबी, जांभळा असा एकसारखा भडक रंग दिसला तर रंगवलेला धरा, कापसावर ॲसिटोन घेऊन चोळा, कापूस रंगला की संपलं. उलट मात्र खात्री नाही, पक्का रंग ॲसिटोनला सुटत नाही. जर्मनीत साधा जॅस्पर निळा रंगवून ‘स्विस लॅपिस’ म्हणून विकायची पद्धत खूप जुनी आहे.

पैशांचा हिशोब एकदा कागदावर मांडा. तुमचे ३,००० आणि कुरियर ७००, म्हणजे ३,७००. पाच किलो फुटला, उरलेल्या पाचातला समजा दोन किलो पॉलिश घेत नाही, मग कामाचा तीन किलो. म्हणजे किलोला १,२३३ रुपये पडले, ३०० नाही. त्यात कापताना जातो तो वेगळाच, ब्लेड एक मिलिमीटर जाड आणि स्लॅब सहा मिलिमीटरचा धरला तर प्रत्येक सात मिलिमीटरला एक मिलिमीटर चिखल होऊन जातो, सातवा हिस्सा. एवढं मांडलं की निवडून घेतलेला सहाशे-सातशे रुपये किलोचा माल महाग वाटत नाही. तयार स्लॅबचा भाव किलोत ऐकून दचकू नका, त्यातून चाळीस बाय तीस मिलिमीटरचे किती कॅब निघतील ते प्लॅस्टिकची टेम्प्लेट ठेवून मोजा आणि एका कॅबमागे काय पडलं ते बघा. मी तरी भाव त्याच्यावरूनच ठरवते.

आता त्या विक्रेत्याला काय सांगायचं. गोणी नको, त्याच लॉटमधला दोन किलो द्या, वरवरचा निवडलेला नाही, तळातलाही घालून, आणि पाठवण्याआधी कोरडे फोटो, ओले फोटो, शेजारी पट्टी ठेवून, आणि एका तुकड्याची कापलेली बाजू. मूळ खाण किंवा गाव कुठलं ते विचारा. तुटका निघाला तर परत घेणार का, लिहून मागा. दोन किलोला तो नाही म्हणाला किंवा चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं. जो माणूस दगड ओळखून विकतो त्याला हे प्रश्न नेहमीचे असतात, उलट तो तुम्हाला सांगेल की ह्यातला हा घेऊ नका, ह्यात तडा आहे. असा एक माणूस सापडला तर दहा रुपये जास्त देऊन धरून ठेवा.

जमलं तर एकदा खंबायतला जाऊन या, आणंदहून पुढे. हडप्पाच्या काळापासून त्या भागात मणी घडतायत आणि आजही अकीक घडवणारी कुटुंबं आहेत, माल हातात घेऊन, पाण्यात बुडवून, वाजवून घेता येतो. तिथे ब्लडस्टोनही बघा, हिरव्यावर लाल ठिपके, आपल्या दख्खनच्याच लाव्हातला, काठियावाडचा. चांगला बघून घेतला तर घट्ट असतो, शिकायला फार छान, चूक झाली तरी खिसा फाटत नाही. पण तिथे जाल तेव्हा दुसरी गोष्टही डोळे उघडे ठेवून बघा. खंबायतच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिसने पिढ्यानपिढ्या माणसं गेली आहेत, कोरडं घासल्याने सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि ते नुकसान भरून निघत नाही. तुम्ही गच्चीवर हौसेने करताय, पण दगड तोच आहे. पाणी चालू असल्याशिवाय व्हीलला दगड लावायचा नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. एन-९५ मास्क घाला, शेड कधीच झाडूने कोरडी झाडू नका, वाळलेला गाळ पायाने उडतो तोही तितकाच वाईट. गाळ बादलीत बसू द्या, वरचं पाणी ओता, खालचा चिखल ओला असतानाच पिशवीत.

घरात पडलेल्या दहा किलोचं काय करायचं? टाकू नका. बंबलबी सोडून बाकी सगळा धुवून, भिजवून, वर सांगितलं तसा वाळताना बघा आणि रेघा गिरवा. ज्यांना आरपार रेघ आहे ते जाड कापडात गुंडाळून, गॉगल लावून हातोडीने रेघेवर हलका ठोका देऊन आधीच वेगळे करा, ब्लेडवर फुटून ब्लेड वाकण्यापेक्षा हे बरं. त्यातून लहान कॅब, पेंडंटचे थेंब, कानातल्यांच्या जोड्या निघतात. एखाद्या तुकड्याचा रंग फारच सुरेख असेल आणि तडा बारीक असेल तर पातळ सुपरग्लू त्या तड्यात मुरवून, पूर्ण वाळू देऊन मग कापा, मात्र विकताना घेणाऱ्याला सांगायचं की हा भरलेला आहे. अंडरकट होणाऱ्यांना कडक डायमंड व्हीलवर दाबू नका, मऊ रेझिन व्हीलवर कमी दाबाने, जास्त वेळ द्या, थोडे सुधारतात. आणि पाणी शोषणारे जे आहेत ते सॉवर सरळ कापायचा सराव करायला ठेवा.

दहा इंची सॉ आत्ता नको. मोठा सॉ आला की मोठे दगड घ्यावेसे वाटतात, आणि तुमची नजर अजून मोठ्या दगडाच्या पोटात काय आहे ते सांगण्याइतकी तयार व्हायचीय. तोपर्यंत चांगल्या माणसाकडून स्लॅब घ्या, सहा इंची सॉ स्लॅब ट्रिम करायलाच तर असतो. एखादा मोठा दगड मनात भरलाच तर ज्याच्याकडे मोठा सॉ आहे त्याच्याकडून पैसे देऊन कापून घ्या, कापणारे कापून देतात, फक्त थरांची दिशा खडूने दगडावर आखून द्या आणि स्लॅबची जाडी सहा मिलिमीटर सांगा, नाहीतर तो त्याच्या सोयीने कापेल.